बाबांच्या हृदयाला मोटर बसवावी का?

पत्र:

अक्का, नमस्कार. मी ३२ वर्षांचा, बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं. घरी आई, बाबा, बायको आणि दोन वर्षांची मुलगी. बाबा ५९ वर्षांचे. दोन वर्षांमागं पावसाळ्यात रात्री त्यांना अटॅक आला. गाडी मिळून बेळगावला पोचेपर्यंत बराच उशीर झाला. तेव्हापासून हृदय कमजोर आहे, इकोत ईएफ (दर ठोक्याला हृदय किती रक्त बाहेर टाकतं तो आकडा) २० टक्के लिहिलंय. गेल्या आठ महिन्यांत छातीत पाणी भरून तीनदा ॲडमिट केलं. बेंगळूरला दाखवलं तर तिथले डॉक्टर म्हणाले, हृदय बदलायचा नाहीतर पंप बसवायचा विचार करा. पंपाला कोटीच्या आसपास खर्च सांगितला. आमची तीन एकर जमीन आहे, भात आणि थोडे काजू. काका म्हणायलेत, जमीन काढून टाक, माणूस राहिला तर जमीन परत होईल. पुण्याच्या मावसभावानं चुंबकावर फिरणाऱ्या पंपाचा व्हिडिओ पाठवलाय. त्यात गेल्या आठवड्यात एकाचा फोन आला, पंपाच्या संशोधनात बाबांचं नाव घालतो, आधी दीड लाख भरा. बाबा मात्र म्हणतात, "पोटातनं वायर काढून मोटरीवर जगायचं नाही मला." तिन्ही वेळच्या डिस्चार्जच्या चिठ्ठ्यांचे फोटो जोडलेत. काय करू?

उत्तर:

तुझं पत्र एकदा वाचलं आणि चिठ्ठ्यांचे फोटो तीनदा, चष्मा पुसून पुसून. चिठ्ठ्यांकडं येतेच, पण आधी त्या फोनचा निकाल लावू, कारण पैसे अजून तुझ्या खिशात आहेत.

संशोधनात नाव घालायला दीड लाख मागणारा माणूस लबाड आहे. खऱ्या चाचणीत पेशंटनं पैसे भरून आत शिरायचं नसतं. आपल्याकडं २००९ पासून अशी चाचणी सरकारी रजिस्ट्रीत नोंदवावी लागते आणि ती यादी नेटवर कुणालाही फुकट बघता येते. रुग्णालयाच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते. बाबांना कळेल अशा भाषेत, म्हणजे मराठीत, सगळं समजावून मगच सही घ्यायची असते. परत फोन आला तर रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक विचार. बहुतेक तिथंच फोन कट होईल. नाही झाला तर त्याचा नंबर १९३० वर कळव.

आता पंप. मी ३१ वर्षं हृदयाच्या आयसीयूत सिस्टर म्हणून काढली. डॉक्टर नव्हे, हे लक्षात ठेवून पुढचं वाच. पंपाचं मला कौतुक आहे, तेही आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी कुठं हात आखडता घेतला तर तो कशासाठी ते तुला कळेल.

तुझ्या शेताच्या भाषेत हा सबमर्सिबलचा धाकटा भाऊ. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या टोकाला भोक पाडून तिथं तो बसवतात. कप्प्यातलं रक्त ओढायचं आणि नळीतून महाधमनीत सोडायचं, एवढंच त्याचं काम. बाबांचं हृदय जागच्या जागी राहतं. पंपाची तार पोटाच्या कातडीतून बाहेर येते ती कमरेच्या कंट्रोलरला जोडतात, आणि कंट्रोलर दोन बॅटऱ्यांना.

निवृत्तीच्या आधी एकदा बेंगळूरला गेले होते. जुन्या मैत्रिणीच्या वॉर्डात असा एक पेशंट तपासणीला आला होता. पन्नाशीचा गृहस्थ, शर्टावर जाकीट, दोन्ही बगलांखाली एकेक बॅटरी. मी सवयीनं मनगट धरलं. नाडी लागेना. गळ्याला बोटं लावली, तिथंही काही नाही. आणि हा माणूस माझ्यासमोर चहात बिस्कीट बुडवून खातोय! स्टेथो ठेवला तर ठोक्यांच्या जागी बारीक, न थांबणारा घूंऽऽ आवाज, लांबच्या पिठाच्या गिरणीसारखा. अशांचं बीपी नेहमीच्या यंत्रावर धड मिळत नाही, डॉप्लर लावून बघावं लागतं. माझा चेहरा बघून तो म्हणाला, "सिस्टर, घाबरू नका, चालू आहे."

नाडी का लागत नाही, ती गोष्ट तुझ्यासारख्या मशिनवाल्याला आवडेल. १९६६ साली ह्यूस्टनला मायकेल डीबेकी यांनी एका बाईचं दमलेलं हृदय शरीराबाहेरच्या पंपाच्या टेकूवर दहा दिवस ठेवलं आणि ती वाचली. तेव्हाचे आणि पुढची बरीच वर्षं निघालेले पंप हृदयाची नक्कल करायचे. पिशवी भरायची, दाबायची, झडप उघडायची, मिटायची. दिवसाला लाखभर वेळा. असं यंत्र किती टिकणार ते मी तुला काय सांगू! २००१ साली अमेरिकेतल्या एका चाचणीचे निकाल आले. हृदय बदलता येण्यासारखं नाही अशा १२९ पेशंटांपैकी साधारण निम्म्यांना असा पंप बसवला, बाकीच्यांना नुसती औषधं दिली. वर्षानं पंपवाल्यांतले ५२ टक्के जिवंत होते, औषधवाल्यांतले २५ टक्के. दोन वर्षांनी तेच आकडे २३ आणि ८. म्हणजे पंपानं माणसं जगवली, आणि तरीही दोन वर्षांत चारातली तिघं गेली.

मग संशोधकांनी ठोक्याचा नाद सोडला. सतत फिरणारा छोटा पंखा बसवला, रक्त नळाच्या पाण्यासारखं सलग वाहू लागलं, म्हणून नाडी गेली. २००९ च्या चाचणीत हे नवे पंप जुन्यांपेक्षा कितीतरी सरस ठरले. पण पंख्याला बेअरिंग लागतं. त्या पंपात माणकाची बेअरिंग होती, आणि बेअरिंगपाशी उष्णता आणि घर्षण आलं की रक्त तिथं धरतं, गुठळी होते. तुझ्या मावसभावाच्या व्हिडिओतला चुंबकावरचा पंप ही त्याच्या पुढची पायरी. त्यात फिरतं चाक चुंबकाच्या जोरावर अधांतरी असतं, कशालाच टेकत नाही. शिवाय दर दोन सेकंदांनी ते वेग बदलतं, म्हणजे आत रक्त साचून राहत नाही. हे दोन पंप १,०२८ पेशंटांवर एकमेकांशी ताडून पाहिले. २०१९ च्या अहवालात, दोन वर्षांत पंपात गुठळी झाल्याचं प्रमाण बेअरिंगवाल्यांत १३.९ टक्के निघालं आणि चुंबकवाल्यांत १.४. लकव्याचं प्रमाणही निम्म्यावर आलं. पाच वर्षांनी चुंबकवाल्यांतले ५८ टक्के जिवंत होते.

आकडा चांगला आहे. व्हिडिओ इथंच संपत असणार.

आता जांबोटीच्या पुढं ये. कणकुंबीकडचा पाऊस तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. झाड पडून तार तुटली की वीज कंपनीची, हेस्कॉमची माणसं येईपर्यंत दोन-दोन दिवस दिवे नसतात. या पंपाच्या बॅटऱ्यांची जोडी भरलेली असली तर सतरा तासांपर्यंत चालते. जादा जोड्या असतात, पण त्याही चार्ज कराव्या लागतात, आणि रात्री झोपताना पंप घरातल्या प्लगवर ठेवतात. बोअरची मोटर बंद पडली तर पीक वाळतं, इथं काय होईल ते लिहीत नाही. म्हणजे चांगला इन्व्हर्टर हवा, बहुधा जनरेटरही, किंवा बेळगावात खोली घेऊन राहण्याची तयारी हवी.

शिवाय कातडीतून तार येते ती जागा म्हणजे कायमची उघडी वाट. त्या जागेचं ड्रेसिंग काटेकोर, ठरल्या वेळेला, तुझ्या आईला किंवा बायकोला शिकून करावं लागेल. त्याच चाचणीत दोन वर्षांत साधारण चौघांतल्या एकाच्या तारेला संसर्ग झाला. विहिरीत पोहणं कायमचं बंद, भाताच्या चिखलात उतरणं मीही नाही म्हणीन. रक्त पातळ ठेवायची गोळी कायम, त्यासाठी पुनःपुन्हा रक्त तपासणी. आणि सलग वाहणाऱ्या रक्ताचा एक विचित्र दुष्परिणाम, पोटातून रक्तस्राव. तोही चौघांतल्या एकाला. यात एक चांगली बातमी २०२३ मध्ये आली. या चुंबकवाल्या पंपाबरोबर रिवाजानं दिली जाणारी ॲस्पिरिन बंद केली तर गुठळ्या वाढल्या नाहीत आणि रक्तस्राव सुमारे एक तृतीयांशानं घटला. एवढी वर्षं सगळेच ती गोळी देत होते.

आणखी एक, जे मला वाटतं तुला कुणी सांगितलं नसेल. पंप फक्त डाव्या बाजूचं काम करतो. त्याच्यापर्यंत रक्त आणून द्यायचं ते उजव्या बाजूनं. बोअरमध्ये पाणीच कमी आलं तर मोटर कितीही भारी असो, ड्राय रन होते. तसंच उजवी बाजू थकली असेल तर पंप बसवूनही माणूस आयसीयूतच राहतो. पुष्कळ दिवस पाणी भरून, लिव्हर-किडनी दमून मग पंपाला नेलेल्या पेशंटांचं म्हणूनच अवघड होतं. तेव्हा तपासणीला लवकर जायचं. जमीन विकायला लवकर जायचं नाही. काकांनी या दोन घाया एकत्र केल्यात.

आता चिठ्ठ्या.

तीन चिठ्ठ्या, तीन तारखा, आणि तिन्हींत अक्षरशः तेच. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन ५०, सकाळ-संध्याकाळ. मेटोप्रोलॉल २५, एकदा. लघवीची गोळी. कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ करायची गोळी, ती अटॅकची. शेवटच्या चिठ्ठीवर बीपी १०८/७०. आठ महिन्यांत माणूस तीनदा बुडता बुडता वर आला आणि डोस जागचा हलला नाही. पहिली गोळी सोसली तर २०० पर्यंत दोनदा नेतात, दुसरीही २०० पर्यंत. आणि कमजोर हृदयाची आणखी दोन औषधं असतात ती यादीतच नाहीत. एक स्पायरोनोलॅक्टोन, जुनी स्वस्त गोळी. १९९९ च्या चाचणीत तिनं मृत्यू ३० टक्क्यांनी कमी केले होते. दुसरी डापाग्लिफ्लोझिन, मूळची साखरेची, पण २०१९ मध्ये साखर नसलेल्यांच्या हृदयालाही तिचा फायदा दिसला. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनचं पेटंट २०२३ च्या जानेवारीत संपल्यापासून तीही पुष्कळ कंपन्यांची मिळते आणि पूर्वीपेक्षा बरीच स्वस्त पडते. डोस वाढवल्यानं काय होतं, हेच २०२२ मध्ये एका चाचणीनं तपासलं. डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत कमजोर हृदयाच्या गोळ्यांचे डोस, वरचेवर तपासत, पूर्ण नेले तर सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा ॲडमिट होणं २३ टक्क्यांवरून १५ वर आलं. याचा व्हिडिओ कुणी पाठवत नाही. गोळीचा डोस वाढवताना दिसणार तरी काय?

म्हणून कोटीच्या आधी हा एक प्रश्न डॉक्टरांना विचार: "बाबांचे डोस वाढवले का नाहीत, आणि उरलेल्या दोन गोळ्या का नाहीत?" नम्रपणे विचार, पण उत्तर मिळेपर्यंत खुर्चीतून उठू नकोस.

उत्तर "राहून गेलं" असं आलं, म्हणजे ते त्या शब्दांत येणार नाही, "हां, आता वाढवू" असं येईल, तर वाईट वाटून घेऊ नकोस. अजून हातात बरंच आहे. रक्तातलं पोटॅशियम, किडनीचा अंदाज देणारं क्रिएटिनिन आणि बीपी बघत बघत ते वाढवतील. तीन महिन्यांनी इको परत करायचा. कित्येकांचा ईएफ चढतो. तेव्हाही ३५ च्या वर गेला नाही तर अचानक ठोका बिघडू नये म्हणून छातीत बसवायच्या डिव्हाइसचं विचार. घरी बसून डोस तू वाढवायचा नाहीस, हे लिहायची गरज नसावी, तरी लिहिते.

आणि उत्तर "वाढवून बघितलं, बीपी पडलं, किडनी बिघडली" असं आलं, तर ते कागदावर लिहून घे. औषध सोसत नाही, वारंवार ॲडमिट व्हावं लागतं, ही स्वतःच मोठी खूण आहे. मग एक आठवडाही न घालवता सगळ्या फायली घेऊन राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळूर गाठ आणि पंप व प्रत्यारोपण दोन्हींसाठी रीतसर तपासणी करून घे, उजव्या बाजूच्या दाबासकट. पंपाच्या चाचण्यांत घेतलेली माणसं बहुतेक याच टप्प्यावरची होती. बाबा त्या टप्प्यावर आहेत की नाहीत, ते या एका प्रश्नाच्या उत्तरावरून कळेल.

तिसरी शक्यता, डॉक्टर चिडले. तर डॉक्टर बदल. बेळगावात कमी नाहीत.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस. बाबांची पाठ, गुडघे दुखतात का, आणि दुखले की मेडिकलातनं आणून कुठली गोळी घेतात? आमच्याकडं पाणी भरून आलेल्या किती शेतकऱ्यांच्या खिशात डायक्लोफिनॅकची पट्टी निघायची! ती गोळी अंगात पाणी आणि मीठ धरून ठेवते, किडनीला मारते. पेशंट सांगत नाही कारण त्याला ते औषध वाटतच नाही. तसंच मीठ. घरात भाजीत कमी घालतात आणि ताटात लोणचं, पापड, तळलेली खारवलेली मिरची, सुकी मासळी. आंबील दोन तांबे पिऊन वर "पाणी कुठं पितोय मी" म्हणायचं. तुझ्या आईला विचार, ती खरं सांगेल.

पैशाचं. जमिनीला सध्या हात लावू नकोस. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. पंपाच्या खर्चापुढं ते काहीच नाहीत, पण ॲडमिशन आणि इतर उपचारांना उपयोगी पडतात. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, त्यावरून दोन सरकारांचं भांडण झालं. तुझं गाव त्यात असेल तर कोल्हापूरच्या एखाद्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला प्रत्यक्ष विचारून खात्री कर, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. केसपेपर इंग्रजीत, अर्ज कानडीत आणि दुखणं मराठीत, हे आपल्या नशिबी आहेच. प्रत्यारोपणाचा खर्च पंपापेक्षा बराच कमी असतो, आणि ५९ हे त्याला फार वय नव्हे. कर्नाटकात नाव जीवसार्थकतेच्या, म्हणजे राज्याच्या अवयवदान संस्थेच्या यादीत लागतं. हृदय प्रत्यारोपण आपल्या बेळगावात केएलई रुग्णालयातही झालेलं आहे, तेव्हा बेंगळूरला निघायच्या आधी तिथंही एकदा विचार. वाट बघावी लागते, हृदय मिळेलच असं नाही, हेही खरं.

पंप स्वस्त होतील का? आयआयटी कानपूरमध्ये 'हृदयंत्र' नावानं देशी पंपावर काम चाललंय. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं १९९० मध्ये देशी हृदयाची झडप आणली तेव्हाही लोक हसले असतील. ती आज हजारो छात्यांत टिकटिकतेय. आणि तुला म्हणून सांगते, ऑस्ट्रेलियातल्या डॅनियल टिम्स नावाच्या इंजिनिअरचे वडील प्लंबर होते, त्यांचंही हृदय कमजोर झालेलं. बापलेकांनी दुकानातले पाइप आणून घरी प्रयोग केले. त्यातून निघालेलं, चुंबकावर फिरणारं आख्खं कृत्रिम हृदय २०२४ च्या जुलैत ह्यूस्टनला पहिल्यांदा माणसात बसवलं. वडील तोवर राहिले नव्हते. बाबांच्या वेळेला यातलं काही हाताशी येईल असा हिशेब मात्र धरू नकोस.

राहिले बाबा. "मोटरीवर जगायचं नाही" हे त्यांनी तार कुठून येते ते ऐकून म्हटलं, की खर्च ऐकून? मला वाटतं, खर्च ऐकून. आपल्याकडचे बाप जमीन जाते म्हटल्यावर मरणाला हो म्हणतात आणि कारण भलतंच सांगतात. आधी जमीन विकत नाही म्हणून सांग, मग परत विचार. मग काकांना बाजूला ठेवून, नातीला मांडीवर देऊन विचार, काय काय करायला मिळालं तर जगणं बरं वाटेल. पंप बसवलेल्या एखाद्या माणसाशी त्यांची गाठ घालून दे म्हणून बेंगळूरच्या डॉक्टरांना सांग. बहुतेक ठिकाणी घालून देतात. जाकीट बघू देत, आवाज ऐकू देत. त्यानंतरही नको म्हणाले तर ते नको खरं. मग दम लागू नये, झोप लागावी, घरी राहता यावं यासाठीही औषधं आणि डॉक्टर असतात, त्याबद्दल वेगळं लिहीन.

या सोमवारी एवढं कर. डिजिटल वजनकाटा घेऊन घरी जा. रोज सकाळी बाबा बाहेर जाऊन आले की, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत वजन आणि एका वहीत तारखेसह आकडा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर दम लागायची वाट न बघता डॉक्टरांना फोन. वही तुझ्या आईकडं असू दे, तू रविवारीच गावी असतोस. आणि काटा नवा घे, उद्यमबागेतल्या भंगारातला नको.

— अक्का